पहिल्या उसळीनंतर

श्रोतेहो, नमस्कार.

शिकाऊ वैमानिकाचा अपघात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आकाशातून कोसळणारं विमान येतं. प्रत्यक्षात प्रशिक्षणाच्या छोट्या विमानांची मोडतोड सगळ्यात जास्त होते ती उतरताना, धावपट्टीवरच. जीव सहसा वाचतो, प्रोपेलर मात्र वाकतो.

सेस्ना १७२ घ्या. जगभरातले विद्यार्थी या विमानावर शिकतात. उतरायला येताना तिचा वेग साधारण ६० ते ७० नॉट, म्हणजे ताशी ११० ते १३० किलोमीटर. नवखा विद्यार्थी भीतीपोटी त्यात पाच-सात नॉटची भर घालतो. वेग १० टक्क्यांनी वाढला की ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते, हे त्या घाईत कुणाला आठवतंय! त्यात जमिनीलगत हवेचा रोध घटतो आणि विमान नुसतं तरंगत राहतं. धावपट्टी भराभर संपत जाते. मग धीर सुटतो आणि तो विमान जबरदस्तीनं खाली टेकवतो.

पुढचे काही सेकंद नीट पाहा. आधी मागची चाकं टेकायला हवीत, टेकतं पुढचं. नाक वर उडतं, पंखांना पुन्हा उचल मिळते, विमान उसळतं. समोर नुसतं आकाश. घाबरलेला हात योक, म्हणजे नाक वर-खाली करणारं विमानाचं स्टिअरिंग, पुढे ढकलतो, पण तोवर विमान आपणहूनच नाक खाली टाकू लागलेलं असतं. पुढचं चाक पुन्हा आपटतं, या वेळी जास्त जोरात. दुसरी उसळी, तिसरी उसळी. हात दर वेळी किंचित उशिरा पोचतो. शेवटी चाकाचा दांडा मोडतो, इंजिनामागची आडभिंत, म्हणजे फायरवॉल, चेमटते, प्रोपेलर जमिनीला घासतो. आणि प्रोपेलर घासला की इंजिन उघडून तपासणं आलंच.

पहिल्या उसळीनं विमान क्वचितच मोडतं. ते मोडतं उसळी सावरून तिथंच उतरायच्या हट्टापायी. अशा वेळी इंजिनाची ताकद वाढवणारा थ्रॉटल पूर्ण पुढे करावा, विमानाचं नाक स्थिर धरून ठेवावं, पंखांमागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, टप्प्याटप्प्यानं वर घ्यावेत आणि चक्कर मारून परत यावं. याला म्हणतात गो-अराउंड. ऐकायला सोपं, पण पूर्ण ताकद दिली की नाक डावीकडे ओढलं जातं. उजव्या पायानं रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबला नाही, तर विमान धावपट्टी सोडून गवतात शिरतं. म्हणून याचा सराव हातापायांना हवा, फळ्यावर शिकवून भागत नाही.

इथं इन्स्ट्रक्टर मंडळींनाही थोडं टोचून बोलतो. शेवटच्या क्षणी तुम्ही योक हळूच सावरता आणि विद्यार्थ्याला वाटतं, आपणच उतरवलं. सोलोच्या, म्हणजे एकट्यानं उडायच्या, दिवशी शेजारची खुर्ची रिकामी असते. तुमचं वजन कमी झाल्यानं विमानही जास्त वेळ तरंगतं. ती उसळी त्यानं तुम्ही शेजारी असतानाच अनुभवलेली बरी.

एक शेवटचं, विद्यार्थ्यांसाठी. ‘गोइंग अराउंड’ हे विमानतळाच्या कंट्रोल टॉवरला कळवायचं ते विमान वर चढू लागल्यावर. कंट्रोलर तेवढा वेळ थांबतो.