हुजूर पक्षाची अठरा वर्षं

[पडद्यावर: लंडनची गर्दी, कृष्णधवल चित्रफीत]

ब्रिटनमधल्या पक्षांना मराठीनं किती नेमकी नावं दिली आहेत! कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे हुजूर, लेबर म्हणजे मजूर. नावं ऐकूनच वाटतं, सगळ्यांना मताचा हक्क मिळाला की हुजुरांचा कारभार आटोपलाच. १९१८ मध्ये तो हक्क बहुतेकांना मिळालाही. एकवीस वर्षांवरचे सगळे पुरुष आणि तीस वर्षांवरच्या बहुतेक स्त्रिया मतदार झाल्या. महायुद्धाआधी मतदार सुमारे ७७ लाख होते, ते आता दोन कोटींच्या वर गेले.

आणि झालं उलटंच. दोन महायुद्धांच्या मधल्या एकवीस वर्षांत मजूर पक्षाला सत्ता मिळाली जेमतेम तीन वर्षं, तीही बहुमताशिवाय. उरलेल्या अठरा वर्षांत हुजूर पक्ष सरकारात नाही, असा एक दिवसही गेला नाही.

यातलं काही निव्वळ गणित आहे. युद्धाच्या काळातच लॉइड जॉर्ज आणि ॲस्क्विथ या आपल्याच दोन नेत्यांच्या भांडणात उदारमतवादी (लिबरल) पक्ष दुभंगला होता. मग जागोजागी तिरंगी लढती. १९२२ मध्ये हुजूर पक्षाला साडेअडतीस टक्के मतं पडली आणि ६१५ पैकी ३४४ जागा मिळाल्या. मतविभागणी म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शिवाय आयर्लंडचा मोठा भाग वेगळा झाला आणि उदारमतवाद्यांना साथ देणारे ऐंशीएक आयरिश राष्ट्रवादी खासदार हिशोबातूनच गेले.

१९२४ ची निवडणूक आली. सत्तेवर तेव्हा मजूर पक्षाचं सरकार होतं. मतदानाला चार दिवस उरले असताना ‘डेली मेल’ या वृत्तपत्रानं एक पत्र छापलं. मॉस्कोहून आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेचा प्रमुख झिनोव्हिएव यानं ब्रिटिश कम्युनिस्टांना लिहिलेलं, क्रांतीची चिथावणी देणारं, असं सांगितलेलं. आज ते बनावट मानलं जातं. या पत्रानं मजूर पक्षाला पाडलं, असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. त्या निवडणुकीत मजूर पक्षाची मतं दहा लाखांनी वाढली होती. कोसळला तो उदारमतवादी पक्ष, १५८ वरून थेट ४० जागांवर. मजुरांच्या राज्याला घाबरलेला मध्यमवर्ग हुजुरांच्या आसऱ्याला गेला होता.

पण नुसती भीती माणसांना वर्षानुवर्षं धरून ठेवत नाही. त्यासाठी हुजूर पक्षाचे नेते स्टॅन्ली बाल्डविन समजून घ्यावे लागतात.

[पडद्यावर: तोंडात पाइप धरलेले बाल्डविन]

वूस्टरशरमधल्या एका लोखंडाच्या कारखान्याचे हे मालक. १९१९ मध्ये ‘टाइम्स’मध्ये एक पत्र आलं. युद्धानं देश कर्जात बुडालाय, श्रीमंतांनी आपणहून भार उचलावा, मी माझ्या संपत्तीचा पाचवा हिस्सा देतोय. खाली नाव नाही, फक्त तीन अक्षरं. ते बाल्डविन होते, हे नंतर कळलं.

६ मार्च १९२५. बाल्डविन पंतप्रधान, पाठीशी चारशेवर खासदार. कामगार संघटनांकडून मजूर पक्षाला जाणारा पैसा आटवणारं विधेयक त्यांच्याच एका खासदारानं आणलेलं. हात वर केले की काम फत्ते. बाल्डविन उठले आणि आपल्या वडिलांच्या वेळच्या कारखान्याबद्दल बोलू लागले, जिथे प्रत्येक कामगाराला ते लहानपणापासून ओळखत होते. पहिला वार आम्ही करणार नाही, म्हणाले. शेवट प्रार्थनेतल्या ओळीनं केला: ‘प्रभो, आमच्या काळात शांती दे.’ विधेयक बारगळलं.

वर्षभरानं सार्वत्रिक संप झाला, नऊ दिवसांत मोडला, आणि १९२७ मध्ये याच सरकारनं तोच कायदा केला. हेही सांगायलाच हवं. पण रेडिओवरून घरच्या माणसासारखा बोलणारा, भल्या मनाचा मालक ही बाल्डविन यांची ओळख पुसली गेली नाही.

आणि बायका. माझ्या मते खरी मेहनत इथे झाली. मजूर पक्षाची ताकद कामगार संघटनांत, म्हणजे मुख्यतः पुरुषांत. हुजूर पक्षानं गावोगाव महिला शाखा काढल्या. चहापान, सहली, घरोघर फिरणं. विसाचं दशक संपेपर्यंत या शाखांत दहा लाखांच्या आसपास बायका होत्या. सिनेमाचं यंत्र बसवलेल्या पक्षाच्या गाड्या गल्लीबोळांत उभ्या राहायच्या.

१९३१ च्या आर्थिक संकटात मजूर पक्षच फुटला. त्यांचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड हुजुरांबरोबर राष्ट्रीय सरकारात बसले. निवडणुकीत त्या सरकारला ५५४ जागा, मजूर पक्षाला ५२. आपल्या इतिहासात ‘मॅकडोनाल्डचा जातीय निवाडा’ म्हणतात तो १९३२ मध्ये याच सरकारनं दिला आणि त्यातून येरवड्यात पुणे करार झाला. सही मॅकडोनाल्ड यांची, पण त्यांच्या मागच्या बाकांवर बहुसंख्य हुजूर होते.

पुढची काही वर्षं दक्षिण इंग्लंडला बरी गेली. व्याज उतरलं, घरं हप्त्यांवर मिळू लागली. उत्तरेत गोद्या आणि खाणी बंद पडत होत्या.

[पडद्यावर: पावसात चालणारी माणसं]

ऑक्टोबर १९३६. जहाजबांधणीचा कारखाना बुडालेल्या, उत्तरेतल्या जॅरो गावाचे दोनशे बेकार लंडनला पायी निघाले. पुढच्या मुक्कामांची सोय बघायला मजूर आणि हुजूर, दोन्ही पक्षांची स्थानिक माणसं बरोबर गेली. लेस्टरला सहकारी संस्थेच्या कारागिरांनी रात्रभर जागून, मजुरी न घेता त्यांचे बूट शिवून दिले. शेवटच्या दिवशी भर पावसात ते एजवेअरहून निघाले. भुयारी रेल्वे आल्यावर वसलेलं हे उपनगर, नव्याकोऱ्या जोडघरांच्या रांगा, प्रत्येकाला पुढे चिमुकली बाग. अकरा हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेत पोचला. पंतप्रधान बाल्डविन यांनी भेट नाकारली. माणसं रेल्वेनं जॅरोला परतली.