नवा प्रवाळ मुख्य टाकीत जाण्यापूर्वी

पडद्यावर दिसणारी, अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांसारख्या वाढणाऱ्या प्रवाळाची ही फांदी घरच्या समुद्री मत्स्यालयासाठी आजच दुकानातून आली आहे. तिचा रंग उत्तम आहे, पॉलिप (प्रवाळाचे छोटे जीव) उमललेले आहेत आणि वरवर पाहता तिच्यात काहीही वावगे दिसत नाही. तरीही तिच्यावर अ‍ॅक्रोपोरा खाणारा चपटा कृमी बसलेला असू शकतो, कारण प्रवाळाचे मांस खाताना त्यातील सूक्ष्म शैवाल हा कृमी स्वतःच्या अंगात साठवतो आणि ज्या फांदीवर जगतो तिच्याच रंगाचा होऊन जातो.

या कृमीची शास्त्राला ओळख झाली ती मत्स्यालयांमुळे. मत्स्यालय पाळणाऱ्या हौशी पालकांच्या टाक्यांमधील अ‍ॅक्रोपोरा त्याने आधी उजाड केले. २०११ मध्ये मत्स्यालयांतील नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. आणि तो निसर्गात आढळल्याची पहिली नोंद त्यानंतर, २०१२ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरून प्रसिद्ध झाली. खुल्या समुद्रात त्याच्या संख्येला आवर घालणारे भक्षक असतात. घरच्या टाकीत ते बहुधा नसतात, म्हणून त्याला आत येऊ न देणे हाच खरा उपाय ठरतो.

नवा फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचा तोडलेला तुकडा, प्रथम औषधी द्रावणात बुडवतात. पालक त्याला ‘डिप’ म्हणतात. पांढऱ्या भांड्यात टाकीचेच पाणी घेऊन, बाटलीवरील प्रमाणाप्रमाणे औषध मिसळून, मोठ्या ड्रॉपरने फांदीच्या बेचक्यांत पाण्याचे झोत मारले की कृमी सुटून तळाशी पडतात आणि पांढऱ्या पृष्ठभागावर दिसू लागतात. अनेकांचे समाधान येथेच होते, आणि घात होतो तो नेमका येथेच. कृमी आपली अंडी जिवंत मांसावर न घालता बुडाजवळच्या उघड्या सांगाड्यावर घालतो, आणि त्या अंड्यांच्या कवचापुढे डिपचे काही चालत नाही. म्हणून बुडाचा मृत भाग बोन कटरने कापून टाकावा, जुना प्लग (फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो ती छोटी बैठक) फेकून द्यावा आणि फांदी जेल स्वरूपातील सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाने नव्या प्लगवर बसवावी. झोअँथिड हे प्रवाळांचे नातलग जीव हाताळताना मात्र हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असलाच पाहिजे, कारण त्यांच्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत घातक विष असते.

यानंतर फ्रॅग विलगीकरणाच्या टाकीत जातो. पन्नास-साठ लिटरची, तळाला वाळू नसलेली टाकी यासाठी पुरते. मात्र तिची क्षारता (पाण्यातील मिठाचे प्रमाण) विशिष्ट गुरुत्वानुसार १.०२५ च्या आसपास आणि तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस असावे. मुख्य टाकीत पाणीबदल करताना काढलेले पाणी येथे वापरता येते. उलट दिशेने मात्र पाण्याचा एक थेंबही जाता कामा नये, आणि जाळी, चिमटे, ड्रॉपर या टाकीचे वेगळेच असावेत. लहान टाकीत अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता) लवकर ढळते आणि बाष्पीभवनाने क्षारता चढते. विलगीकरणातील मृत्यूंचा दोष कृमींवर टाकण्यापूर्वी पालकाने ही मोजमापे तपासावीत, कारण दुर्लक्षित टाकीत निरोगी प्रवाळही टिकत नाही.

फ्रॅग येथे किती दिवस ठेवावा, याचे उत्तर कृमीच्या जीवनचक्रात आहे. २७ अंश तापमानाला त्याचे चक्र सुमारे ३८ दिवसांत पूर्ण होते आणि पाणी थंड असेल तर त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून किमान सहा आठवडे थांबून, मधल्या काळात ठरावीक अंतराने पुन्हा डिप द्यावा लागतो, म्हणजे नव्याने बाहेर पडलेली पिल्ले अंडी घालण्याच्या वयाची होण्याआधीच मरतात. दिवे मालवल्यानंतर टॉर्च आणि भिंग घेऊन केलेली पाहणी या आठवड्यांत फार उपयोगी पडते. फांदीच्या बुडाशी फिकट, गोलसर चावे दिसले, तर कृमी अजून आहे असेच समजावे.

मुख्य टाकीत मासे असतील, तर मुदत आणखी वाढते. माशांवर पांढरे ठिपके उठवणाऱ्या क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीच्या पुटी (कवचात बंद असलेली अवस्था) प्लगला किंवा सांगाड्याला चिकटून येऊ शकतात, आणि त्यावर माशांना दिले जाणारे तांब्याचे औषध प्रवाळाला मारक असते. मासा न मिळाल्यास परजीवी उपाशी मरतो, एवढाच मार्ग उरतो. त्याच्या पुटी ७२ दिवसांपर्यंत टिकल्याची नोंद असल्यामुळे काळजीपूर्वक वागणारे पालक मासे नसलेल्या टाकीत ७६ दिवस मोजतात. या अवधीत त्याच टाकीत दुसरा फ्रॅग सोडला, तर सर्वांसाठीच मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावी लागते.