‘पुढे’ म्हटलं तरी न हलणारा कुत्रा

(दृश्य: फुटपाथवर दोघं चालताहेत. मागच्याच्या डाव्या हातात हार्नेसची, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर चढवायच्या पट्ट्यांच्या साजाची, ताठ दांडी. पुढचं टोक प्रशिक्षकाच्या हातात.)

या चित्रात कुत्रा कुठेच नाही, तरी शिकवणी चालू आहे ती गाइड डॉगबरोबर, म्हणजे अंधांना वाटेत सोबत करणाऱ्या कुत्र्याबरोबर, चालण्याचीच. पुढचा प्रशिक्षक सध्या कुत्रा झालाय. तो थांबला की दांडी थांबते, वळला की दांडी वळते, आणि मागचा माणूस हे सगळं तळहातानं ओळखायला शिकतो. या सरावाला ‘जुनो’ म्हणतात. मागच्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, तेव्हा जुनोला जरा जास्तच वेळ द्यावा लागतो.

हे ठिकाण अमेरिकेत, डेट्रॉइटच्या उत्तरेला, मिशिगनमधल्या रॉचेस्टर हिल्स इथं. संस्थेचं नाव लीडर डॉग्ज फॉर द ब्लाइंड. डेट्रॉइटच्या लायन्स क्लबातल्या मंडळींनी ती 1939 मध्ये काढली. लायन्स क्लब म्हटलं की आपल्याला नेत्रतपासणी शिबिरं आठवतात. त्या कामाचं मूळ 1925 सालात आहे. ओहायोतल्या सीडर पॉइंटला लायन्सचं अधिवेशन भरलं होतं आणि अंधांसाठी उभं राहा, असं आवाहन तिथं हेलन केलर यांनी केलं. त्या स्वतः बधिरांध, म्हणजे दिसत नाही आणि ऐकूही येत नाही अशा, होत्या. बधिरांध माणसांना गाइड डॉग देणाऱ्या संस्था मात्र आजही मोजक्याच. ही त्यांतली एक. कुत्रा आणि प्रशिक्षण, दोन्ही मोफत.

(दृश्य: लॅब्रडॉरची पिल्लं.)

पिल्लू पहिलं वर्षभर एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात वाढतं. काही पिल्लं तर तुरुंगात, कैद्यांच्या हाताखाली वाढतात. मग संस्थेत परत येऊन काही महिन्यांचं खरं प्रशिक्षण.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. कुत्रा माणसाला घेऊन जातो, असं आपण धरून चालतो. पण बँकेत जायचंय की बाजारात, हे कुत्र्याला ठाऊक नसतं. सिग्नलचा दिवाही त्याला कळत नाही. वाट माणसाच्या डोक्यात असावी लागते. डावीकडे, उजवीकडे, पुढे, हे हुकूम माणूसच देतो. खांब, खड्डे, आडवी लावलेली सायकल चुकवणं, पायरीपाशी आणि फुटपाथ संपतो तिथं थांबणं, हे कुत्र्याचं काम. आणि ‘पुढे’ असा हुकूम मिळाला तरी गाडी येत असेल, तर जागचं हलायचं नाही. त्यासाठी प्रशिक्षक ठरवून गाड्या आडव्या घालतात, पुन्हा पुन्हा. हुकूम पाळणारा कुत्रा तयार करणं त्यामानानं सोपं. नेमका कुठला हुकूम मोडायचा, हे शिकवताना कस लागतो.

बधिरांध म्हणजे ठार अंधार आणि ठार शांतता, असंही बहुधा नसतं. अनेकांना थोडं दिसतं किंवा थोडं ऐकू येतं. अशर सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक आजारात ऐकण्यातला दोष बहुधा जन्मापासून असतो, आणि नजर पुढे हळूहळू आक्रसत जाते. त्यामुळे अशी कित्येक माणसं सांकेतिक भाषेत वाढलेली असतात. नजर गेली की तीच भाषा ती बोलणाऱ्याच्या हातांवर हात ठेवून समजून घेतात. म्हणून शिकवणाऱ्यालाही ती भाषा यावी लागते. आणि एक अडचण राहतेच: हात बोलण्यात गुंतलेले असताना दांडी धरणार कोण? मग थांबायचं, बोलायचं, पुन्हा चालायचं.

कुत्र्यालाही नव्यानं शिकावं लागतं. हुकूम तोंडी येईलच असं नाही. हाताच्या खुणेनं आला तरी कळला पाहिजे. माणसाचा उच्चार वेगळा असला तरी चालला पाहिजे. मालकही शिकतो. कुत्र्याला बाहेर नेल्यावर त्यानं नेमकं काय केलं, हे पाठीवर हात ठेवून कळतं. पाठीला कमान आली, की पिशवी तयार ठेवायची!

(दृश्य: चौक. वाहनं.)

खरी परीक्षा इथं. अंध माणूस चौकात कान देऊन उभा राहतो. आपल्या बाजूच्या गाड्या सुटल्याचा आवाज आला, की त्याला कळतं, आता निघायचं. बधिरांध माणसाकडे ही खूण नसते, आणि गाडी आलीच तर कुत्रा थांबेल, एवढ्यावर जीव सोपवणं कुठलाही प्रशिक्षक शिकवणार नाही. त्यामुळे अशा चौकांसाठी एक साधा उपाय असतो: कार्ड. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, की मला दिसत नाही, ऐकू येत नाही, रस्ता ओलांडायला मदत हवी आहे; मदत करणार असाल तर खांद्याला हात लावा. कुणी पुढे आलं की माणूस दांडी सोडून नुसता पट्टा धरतो. तेवढ्यानं कुत्र्याला समजतं, की आता वाट दाखवायचं काम आपलं नाही. दुसऱ्या हातानं मदतनिसाचं कोपर धरायचं. मदत करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे ते थेट हार्नेसलाच हात घालतात. तो कुत्रा आणि मालक यांच्यातला दुवा आहे; तिसऱ्यानं ओढायचा नाही.

ब्रिटननं रस्त्यावरच थोडी सोय केली आहे. काठीवर लाल पट्टा किंवा कुत्र्याच्या अंगावर लाल-पांढरा हार्नेस म्हणजे माणूस बधिरांध, हे तिथल्या वाहतूक नियमावलीतच आहे. आणि अनेक पादचारी सिग्नलांच्या बटणाच्या पेटीखाली धातूचा किंवा प्लास्टिकचा छोटा शंकू असतो. चालण्याचा दिवा हिरवा झाला की तो फिरू लागतो. बोट लावून उभं राहायचं, बस्स. रोज तेच बटण दाबणाऱ्या कित्येकांना मात्र खाली असं काही आहे, याचा पत्ताच नसतो.