मुद्दे थोडक्यात, तास पुरा

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याहून नगर रस्त्यानं निघालं की रामवाडीला पेपल सेमिनरी लागते, धर्मगुरू घडवणारी शाळा. १८९३ साली श्रीलंकेत कँडीला सुरू झालेली ही संस्था १९५५ मध्ये पुण्यात आली. त्याच परिसरात ज्ञानदीप विद्यापीठ आहे, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचं डी नोबिली कॉलेज आहे. धर्मगुरू व्हायला तत्त्वज्ञानाची दोन आणि ईशज्ञानाची चार अशी पुरी सहा वर्षं अभ्यास हवा, असं चर्चचा कायदा, म्हणजे कॅनन लॉ सांगतो. आणि दर वर्षी एक रिट्रीटही, म्हणजे काही दिवस बाजूला बसून मौनात केलेली साधना. दीक्षेआधीची रिट्रीट तर किमान पाच दिवसांची. जेझुइट दर वर्षी आठ दिवस बसतात, आणि आयुष्यात दोनदा तीस दिवस.

आता रिट्रीट म्हटलं की आपल्याला वाटतं, प्रवचनं ऐकायची. तसं नाही. प्रवचन पंधरा-वीस मिनिटांचं, नुसते मुद्दे द्यायला. मग एक तास एकट्यानं, मौनात प्रार्थना. आणि तास झाला की पंधरा मिनिटं मागोवा. असे दिवसातून चार किंवा पाच तास. लक्षात असू द्या: तास, आणि वर पंधरा मिनिटं. लोक तास पाळतात आणि पंधरा मिनिटं सोडतात, तिथंच गणित बिघडतं.

ही पंधरा मिनिटं आली कुठून? त्याची गोष्ट एका मोडलेल्या पायाची आहे.

२० मे १५२१. स्पेनमधला पाम्प्लोनाचा किल्ला, समोर फ्रेंच तोफा. इग्नेशियस नावाचा एक तिशीतला उमराव, पुढं जेझुइट संघ काढणारा, शरण जायला तयार नाही. तोफेचा गोळा आला, उजव्या पायाचा चुराडा झाला, डावाही जखमी. फ्रेंच मोठ्या मनाचे; त्यांनी मलमपट्टी केली आणि त्याला लोयोलाला घरी पोचवलं. घरी वैद्यांनी पाहिलं तर हाडं वाकडी बसलेली. पुन्हा मोडली, पुन्हा बसवली. तेव्हा भूल कसली आलीय? गडी तोंडातून अवाक्षर काढीना, फक्त मुठी आवळून धरलेल्या. जून अखेरीस तर लोकांनी आशाच सोडली होती.

त्यातून वाचला. पण गुडघ्याखाली हाडाचं एक टेंगूळ राहिलं, आणि पाय आखूड झाला. इतर कुणी म्हणालं असतं, जीव वाचला, पुष्कळ झालं. हा म्हणाला, टेंगूळ कापा! का? तर त्या काळच्या फॅशनचे घट्ट बूट चढेनात. वैद्य म्हणाले, कापता येईल, पण आजवर सोसलंत त्याहून जास्त दुखेल. कापा म्हणाला. कापलं. मग पाय लांब व्हावा म्हणून तो ताणून ठेवायची यंत्रं, दिवसचे दिवस.

आणि मग कंटाळा. त्यानं मागितल्या शूर सरदारांच्या प्रेमकथा. घरात एकही नव्हती! होती ती ख्रिस्तचरित्राची आणि संतचरित्रांची पुस्तकं. नाइलाजानं तीच वाचली. मध्येच पुस्तक मिटून तो तीन-तीन, चार-चार तास एका उच्चकुलीन स्त्रीची स्वप्नं पाही. तिच्यासमोर काय बोलू, काय पराक्रम करू. कधी वाटे, आपणही संतांसारखं अनवाणी जेरुसलेमला जावं, नुसता पाला खाऊन राहावं. दोन्ही विचार चालू असताना गोडच लागत. फरक मागाहून पडे. स्वप्नं ओसरली की मन कोरडं, वैतागलेलं. जेरुसलेमचा विचार संपला तरी मन प्रसन्नच. बरेच दिवस हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. मग एक दिवस आलं. जिभेवर मागाहून चव कोणती उरते, ती पाहायची!

पुढं १५२२ मध्ये मान्रेसा गावी तो जवळजवळ वर्षभर राहिला आणि तिथं साधनेची टिपणं करू लागला. १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्या टिपणांच्या पुस्तकाला मान्यता दिली. ती पंधरा मिनिटं म्हणजे त्या आजाऱ्याच्या खाटेवरचा शोध. तासानंतर बसून किंवा येरझारा घालत पाहायचं: मन कुठं रमलं, कुठं उडालं, मागे काय उरलं? तास वाईट गेला तर कारण हुडकायचं.

कारणं बहुधा साधी निघतात. जेवणानंतरचा तास झोपेत जातो. तो चालत करावा. पहिल्या दिवशी चहा तोडला की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं. मौनाचं चहाशी काही वाकडं नाही, थर्मास भरून ठेवा. आणि सर्वात मोठं कारण म्हणजे लांबलेलं प्रवचन. इग्नेशियस स्वतः सांगतो, मुद्दे थोडक्यात द्या. फार माहितीनं नव्हे, आतून चाखण्यानं मन तृप्त होतं. तरी काही जण तासभर बोलतात, आणि सुरुवातीला माइकवर फुंकर मारतात. माइकला बोटानं टकटक करू नये, फुंकर तर मुळीच मारू नये. आत पडदा असतो हो!

जेवणाच्या हॉलमध्ये मौन मोडतं ते मिठापायी. दर चौघांत मीठ, लोणचं आणि पाण्याचा जग ठेवा, म्हणजे कुणाला मागावं लागत नाही. भांडी घासायच्या पाळ्या मौन सुरू होण्याआधी फळ्यावर लावा. घंटा एकाच्याच हाती द्या. मोबाइल जमा करा, वर्तमानपत्र बंद.

पापनिवेदनासाठी बाहेरचे धर्मगुरू बोलवायचे, सेमिनरीतल्या मुलांना निवड हवी. आणि एखाद्याला दीक्षा द्यावी की काढून टाकावं हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचं किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्याचं मत कधीच विचारायचं नाही. कायद्यातच तसं आहे. नाहीतर मुलगा मन मोकळं करील कशाला?

तास नकोसा झाला तर? उठायचं नाही. उलट तासाहून दोन मिनिटं जास्तच बसायचं. ही इग्नेशियसची युक्ती. आणि बसण्याआधी जागेपासून दोन पावलांवर थांबायचं, 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायला लागेल तितकाच वेळ.

वसईत, गोव्यात, कामधंदा सोडून तीस दिवस कुणाला मिळणार? त्याचीही सोय त्याच पुस्तकात आहे. घरी राहून रोज दीड तास काढायचा आणि तीच साधना काही महिन्यांत पुरी करायची. सोबत मार्गदर्शक हवा, एकट्यानं नको. दीड तासातला पाव तास मात्र मागोव्यासाठी राखून ठेवा.

नमस्कार.