गडवाभर पाणी

सलाम, पोरांनो!

दहावीच्या वर्षी मी चर्चच्या शब्बाथशाळेत बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय तोंडपाठ म्हणून दाखवला. प्रभू येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, शिष्यांचे पाय धुतो. एक शब्द चुकला नाही. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली आणि मी आठवडाभर छाती काढून हिंडलो.

त्याच आठवड्यात झड लागली. बांध फुटला म्हणून आमचा सालदार वावरात गेला होता, तो सांजेला गुडघ्यापर्यंत माखून आला. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल, खरवडल्याशिवाय सुटत नाही. बाबा म्हणाले, "त्याच्या पायावर पाणी ओत रे." मी म्हणालो, "मी? त्याच्या?"

बाबा रागावले नाहीत. त्यांनीच गडवा उचलला, पाणी ओतलं, खाली बसून काडीनं बोटांच्या सांदीतला चिखल काढू लागले. सालदार ओशाळून पाय मागे घेत होता. त्या अध्यायात पेत्र नावाच्या शिष्यानंही असंच नको-नको केलं होतं, पण ते मला तेव्हा आठवलं नाही. पाठांतरच होतं ना नुसतं!

त्या अध्यायातली एक गोष्ट आपण घाईत वाचून जातो. पाय धुतले तेव्हा प्रभूला धरून देणारा शिष्य यहूदा तिथंच होता. तो रात्री बाहेर पडला, तो नंतर. म्हणजे धरून देणाऱ्याचेही पाय प्रभूनं धुतले. वर्गात तुमची टिंगल करणाऱ्या पोराकडे आता जरा या अंगानं पाहा.

मोठेपण बाजूला ठेवून खाली बसणं, पंडिता रमाबाईंचंही तेच. 1878 साली कलकत्त्यात विद्वानांनी त्यांना 'सरस्वती' म्हटलं. पुढे त्याच बाई इब्री, म्हणजे हिब्रू, आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या साध्या बाईला कळावं म्हणून सोप्या मराठीत बायबल उतरवत वर्षानुवर्षं बसल्या.

'पवित्र' म्हटलं की तुमच्यातली निम्मी रेडिओचं स्टेशन बदलतात, मला माहीत आहे. पण थांबा. इब्री भाषेत त्या शब्दाला 'वेगळं काढून ठेवलेलं' असा अर्थ आहे. माझी आजी ज्वारीची टपोरी कणसं बियाण्यासाठी निवडून आढ्याला टांगायची. उन्हाळ्यात घरातला दाणा संपला, उसना आणावा लागला, तरी तिनं त्यांना हात लावला नाही. पाऊस पडला की तीच कणसं आधी मातीत जायची.

परीक्षेत खिडकीतून चिठ्ठी आली, रात्री गोधडीत मोबाइल उजळला, की मला ते आढं आठवतं. बायबलमध्ये प्रेषित पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पत्रात 'कित्ता हो' असं लिहितो. कित्ता म्हणजे गिरवायचं अक्षर. तुमची धाकटी बहीण तो गिरवतेच आहे, तुम्ही सांगा की नका सांगू.

वेळ संपत आली. सांज झाली आहे, वावरातून माणसं येत असतील. रांजणात पाणी आहे का, तेवढं पाहून घ्या.