फुलाच्या रंगावर जाऊ नका

नमस्कार मंडळी. पावसाळ्यात इंदूरहून चोरलकडे, पातालपानीकडे किंवा इथे जवळ रालामंडलला गेलात की रस्त्याच्या कडेला निळं फूल दिसतं, आपण मोबाईल काढतो, फोटो घेतो, ॲप काहीतरी नाव सांगतं आणि आपण पुढे जातो. माझंही कितीतरी वर्षं असंच चालायचं, फक्त ॲपच्या जागी पुस्तक होतं. चूक पुस्तकाची नव्हती हं, मी फक्त पाकळ्या बघत होते.

शंखपुष्पीचं सांगते. घरात लेकराची परीक्षा आली की शंखपुष्पी आणायची ही आपल्याकडची रीतच. मी एकदा एका दुकानातून वाळलेली जुडी आणली, ती पाण्यात भिजवली आणि लेन्सखाली धरली तर ती निघाली विष्णुकांता. आता दोन्ही एकाच कुळातल्या, दोन्ही जमिनीलगत पसरणाऱ्या, दोन्ही केसाळ, आणि बऱ्याच ठिकाणी दोघींनाही शंखपुष्पीच म्हणतात. त्यात गोकर्णालाही कोणी शंखपुष्पी म्हणतं, पण गोकर्ण शेंगवाला वेल आहे, तो लगेच वेगळा काढता येतो. खरी पंचाईत या दोघींची. ताजं फूल असेल तर विष्णुकांता निळी आणि चपटी, शंखपुष्पी पांढरी-गुलाबी आणि नरसाळ्यासारखी, हे सोपं वाटतं. पण विष्णुकांता क्वचित पांढरीही फुलते, आणि वाळल्यावर दोन्ही तपकिरीच, मग रंग काय कामाचा? तेव्हा फुलाच्या आत बघायचं, मधल्या बारीक दांड्याकडे. शंखपुष्पीला एकच दांडा, त्याला वर दोन फाटे. विष्णुकांतेला बुडापासूनच दोन वेगळे दांडे आणि प्रत्येकाला पुन्हा दोन फाटे, म्हणजे टोकं चार. भिजवलेल्या फुलातही हे मोजता येतं, सुईने हळूच उघडायचं बस. मी त्या जुडीतली सात-आठ फुलं उघडली, सगळीकडे चारच टोकं. औषध म्हणून कोणी देत असेल तर हे बघणं किती गरजेचं आहे ते तुम्हीच विचार करा.

आता केना. केना माझा फार लाडका आहे, आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या दिवसांत केना-कुर्डू शोधायला आजी मला पाठवायची, आणि केन्याच्या पानांची भजी तर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी खाल्ली असतील. कॉमेलिना हे त्याचं शास्त्रीय नाव डच कॉमेलिन घराण्यावरून, त्यात दोघे नावाजलेले वनस्पतीअभ्यासक आणि तिसरा काही करून दाखवायच्या आधीच गेला, म्हणून झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने या फुलाला ते नाव दिलं, दोन मोठ्या पाकळ्या आणि एक लहान फिकी. मला ही गोष्ट फार हळवी वाटते, ती लहान पाकळी दिसली की तो तिसरा आठवतो.

पण गंमत अशी की निळी फुलं असणारे केने एकापेक्षा जास्त आहेत आणि पाकळ्यांवरून ते ओळखणं अवघड. फुलाखाली एक दुमडलेलं पान असतं ना, ज्यातून फूल डोकावतं, ते बोटांनी उघडून बघा. आपला नेहमीचा केना, बेंगालेन्सिस, त्याच्या त्या पानाच्या कडा बुडाशी जोडलेल्या असतात, म्हणजे द्रोणच. पान रुंद, आणि खोडाला धरणाऱ्या पानाच्या भागावर तांबूस केस. दुसरा डिफ्यूजा, ओलसर जागी पसरणारा, त्याचं ते पान बुडापर्यंत मोकळं, नुसती घडी, पुस्तक मिटल्यासारखी, आणि खोडावरची पानं भाल्यासारखी लांबट. इथपर्यंत ठीक. मग आपल्या काळ्या मातीत फोर्स्काओली भेटतो, त्यालाही द्रोणच, तेव्हा द्रोणावर थांबू नका, पानाकडे या: अरुंद, आणि कडा लाटेसारख्या. एकाच खुणेवर शिक्का मारला तर हमखास फसतो माणूस, मी फसलेय.

टाकळ्याचं लवकर सांगते, वेळ कमी आहे. त्याचे दोन प्रकार, टोरा आणि ऑब्ट्युसिफोलिया, दोन्ही पिवळे, आणि हिंदीत दोघांनाही चकौडाच म्हणतात. टोराच्या फुलाचा देठ आखूड, सेंटीमीटरभर, दुसऱ्याचा त्याच्या दुपटीहून लांब. बी वाळल्यावर बघितलं तर अजून सोपं, टोराच्या बीवर फिका पट्टा रुंद असतो, दुसऱ्याच्या बीवर अगदी रेघ. शेंगा पिकेपर्यंत वाट बघायची एवढंच.

आणि हो, केना बघायला सकाळीच जा, दुपारपर्यंत फूल विरघळल्यासारखं मिटतं. मी सकाळी घरामागून उपटून आणलाय, टेबलावर ठेवलेला आहे. तुमच्यापैकीही कोणी आणलाय ना, इकडे पुढे या. मुळाची माती मात्र झटकू नका, आपण ती बादलीत हळू धुवू. बेंगालेन्सिसची काही फुलं जमिनीखालीच येतात, न उघडता, तिथेच बी धरतात, आणि ती त्या मातीतच अडकलेली असतात.