मागेल त्याला काम: कायदा बदलतोय, हमीचं काय?

तुमची सॅलरी स्लिप काढा बघू. कपातीच्या रकान्यात 'पी. टी.' असं लिहिलेलं असतं, महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे झाले २५००. हा व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ ला आला तो रोजगार हमीसाठी, म्हणजे शहरात पगार घेणाऱ्याने थोडे पैसे द्यायचे, तेवढीच भर सरकारने घालायची आणि त्यातून गावाकडच्या मजुराला काम द्यायचं. मुंबई-पुण्यात कितीतरी लोक वर्षानुवर्षं हा कर भरतायत आणि तो कशासाठी हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

कल्पना वि. स. पागेंची. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातलं विसापूर, तिथे १९६५ च्या सुमाराला पहिला प्रयोग झाला. पागे विधान परिषदेचे सभापती, वसंतराव नाईक मुख्यमंत्री. एकीकडे हाताला काम नाही म्हणून माणसं बसून आहेत, दुसरीकडे शेताला बांध नाही, विहिरीला पाणी नाही, मग ह्याच माणसांकडून ही कामं करून घेऊया ना, इतकी सरळ गोष्ट होती.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ पडला. घरात कुणी ऐंशीच्या आसपासचं असेल तर त्यांच्यासमोर नुसतं सुकडी आणि मिलो म्हणा, दुष्काळात लोकांनी खाल्लेलं ते अन्न, बाकीचं तेच सांगतील. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नाला बंडिंग, मे १९७३ मध्ये अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, बाया तर प्रचंड, लेकरं झाडाखाली झोळीत आणि आई घमेलं उचलतेय.

ह्यातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागायचं, सरकारने १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. जात, उत्पन्न, दाखला, काही विचारायचं नाही. अमेरिकेने १९९६ ला गरिबांच्या मदतीचा कायदा बदलला आणि कामाची अट टाकली, काम नाही केलं तर मदत कमी किंवा बंद. आपल्याकडे अट सरकारला होती, आणि मला ह्या कायद्याचा खरा अभिमान वाटतो तो ह्याच्यासाठी.

पण कागदावरची हमी कुठे सैल होते ते १९८८ ला दिसलं. किमान मजुरी दुप्पट झाली, चांगलंच झालं, पण मग कामावरच्या मजुरांची संख्या घसरली. अभ्यासकांनी आकडे तपासले तेव्हा लक्षात आलं की माणसं काम मागत होती तरी पुरेसं दिलं जात नव्हतं. कायद्यातला एक शब्द न बदलता हमी आकसली, कारण कामं काढायची की नाही हे शेवटी साहेबांच्या हातात.

२००५ ला केंद्राचा कायदा आला, तोच मनरेगा, घरटी वर्षाला १०० दिवस काम. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा गुंडाळला नाही, त्याच्याशी जुळवून घेतला, म्हणून इथे शंभराच्या वर दिवस भरले तर तो खर्च राज्याचा असायचा. २०२५-२६ ला मजुरी होती रोज ३१२ रुपये.

आणि आता मोबाईल. जानेवारी २०२३ पासून हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो. मजुरी झालेल्या कामाच्या मोजमापावर असते ना, त्यामुळे उन्हाळ्यात मजूर पहाटेच येतात, ऊन चढायच्या आत खड्डा पूर्ण करतात, मग घरी स्वयंपाक, गुरं सगळं पडलेलं असताना दुसऱ्या फोटोसाठी थांबायचं, आणि रेंज नसली तर मेट, म्हणजे कामावरचा मुकादम, फोन वर धरून टेकाडावर चढलेला. फोटो अपलोड नाही झाला तर केलेली मजुरी गेली. चोरी थांबवायला हे आणलं म्हणतात, खोटे मस्टर, म्हणजे हजेरीपट, होत होते हे खरंच आहे, पण त्याची शिक्षा घाम गाळणाऱ्या बाईला का?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. दिवस १२५ झाले, ऐकायला मस्त. पण आधी मजुरीचा सगळा पैसा केंद्र देत होतं, आता बहुतेक राज्यांना एकूण खर्चाचे ४० टक्के स्वतः घालायचेत, केंद्राचा वाटाही आधीच ठरलेला असणार, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून ६० दिवस कामं बंद ठेवायची. ज्याला शेतात कुणी बोलवत नाही, त्या म्हाताऱ्या बाईने त्या ६० दिवसांत काय करायचं? उन्हाळ्यात मागणी वाढली आणि पैसे संपले तर १९८८ नंतर जे झालं तेच परत होऊ शकतं.

राज्यांना आता आपापली योजना नव्याने लिहायचीय. महाराष्ट्राने लिहिताना सगळ्यात आधी पोचपावतीकडे बघावं असं माझं म्हणणं आहे. नमुना ४ भरून ग्रामपंचायतीत काम मागितलं की तारीख टाकलेली पोच मिळायलाच पाहिजे. काही ठिकाणी ती देतच नाहीत, काम निघालं की मग मागणी लिहून घेतात. पोच नाही म्हणजे १५ दिवस मोजायचे कधीपासून ते ठरत नाही, आणि मग भत्ता कुणाकडे मागणार? हे बघताय त्यातल्या कुणाच्या गावात मागणी लिहून घेत असतील तर आधी ती पोच हातात घ्या, मगच घरी जा.